ॲडमिनचा पासवर्ड हरवतो, तेव्हा कोणाला बोलावतात?

बारावीचा निकाल लागला की पालक हमखास विचारतात, ‘कॉम्प्युटरला स्कोप आहे ना?’ मी उलट विचारतो, कॉम्प्युटरमधलं नेमकं काय? कारण कोडिंग म्हणजेच करिअर आणि बाकी सगळी हमाली, हा समज घराघरांत पक्का बसला आहे. त्या ‘बाकी’तलंच एक काम पाहू.

शाळेची किंवा पतसंस्थेची वेबसाइट असते. ती करून देणारा मुलगा नोकरीसाठी परगावी गेलेला, पासवर्ड त्याच्याकडेच आणि नोंदवलेला ईमेल कधीच बंद पडलेला. साइट वर्डप्रेसवर असेल (2003 साली आलेली ही प्रणाली फुकट मिळते, म्हणून बहुधा असतेच), तर वाट डेटाबेसमधून काढावी लागते.

होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधून पीएचपीमायॲडमिन उघडायचं. आधी सगळा डेटाबेस एक्स्पोर्ट करून बॅकअप घ्यायचा. तो न घेता पुढे जाणाऱ्याला मी तरी कामावर ठेवणार नाही. मग यूजर्सचं टेबल. त्यात ॲडमिनचा ईमेल बदलला की रीसेटची लिंक नव्या पत्त्यावर येते. साइटवरून ईमेलच जात नसेल, तर पासवर्डच्या रकान्याला हात घालावा लागतो. तिथे साधा पासवर्ड लिहून भागत नाही, कारण साठवलेला असतो तो हॅश, म्हणजे पासवर्डचं सांकेतिक रूप. एमडी5 फंक्शन निवडून नवा पासवर्ड टाकला की वर्डप्रेस तो चालवून घेतं आणि पहिल्याच लॉगिनला त्या कच्च्या हॅशच्या जागी पक्का हॅश ठेवतं. 2025 मधल्या 6.8 आवृत्तीपासून त्यासाठी बीक्रिप्ट वापरलं जातं.

खरी परीक्षा यानंतर. कधी कधी लॉगिन होतं, पण ‘या पानावर जायची परवानगी नाही’ असा निरोप येतो. कारण अधिकारांची नोंद दुसऱ्याच टेबलात असते, यूजरमेटामध्ये. तिथल्या ‘कॅपेबिलिटीज’च्या ओळीत ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ या शब्दाआधी 13 हा आकडा दिसतो. ती इंग्रजी स्पेलिंगमधली अक्षरं. कोणी ‘एडिटर’ खोडून ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ लिहिलं आणि आधीचा 6 तसाच ठेवला, तर वर्डप्रेसला ती ओळ वाचताच येत नाही. टेबलांचा प्रीफिक्स बदललेला असेल, तर या नोंदीच्या नावातही तोच लागतो. इथे भलेभले अडकतात.

ज्या मुलाला तो 13 पाहून ‘हा कशाला?’ असा प्रश्न पडतो, तो या क्षेत्रात टिकेल. होस्टिंग कंपन्यांचा सपोर्ट, वेबसाइट मेंटेनन्स, सिस्टीम ॲडमिन आणि पुढे डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर, अशी ही वाट आहे. सुरुवातीला रात्रपाळ्या पडतात, कौतुक कमी होतं. तेही आधीच माहीत असलेलं बरं. बीसीए, बीएस्सी आयटी किंवा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, कुठूनही शिरता येतं. आयटीआयचा एक वर्षाचा कोपा ट्रेड करूनही सुरुवात होते. डीबीएमएस हा डेटाबेसचा विषय मात्र पास होण्यापुरता करू नये.

आणखी एक गोष्ट पालकांनीच मुलांच्या कानावर घालावी. हेच कौशल्य परक्याच्या साइटवर वापरलं की गुन्हा होतो. मालकाच्या परवानगीशिवाय, बेइमानीने किंवा फसवणुकीच्या हेतूने केलेल्या अशा कृत्याला माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद, 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून काम हाती घेताना मालकाचं लेखी पत्र मागायचं. ओळखीतलं असलं तरी.

क्लासची भरमसाट फी भरायची घाई करू नका. घरच्या कॉम्प्युटरवर झॅम्प (त्यालाच सर्व्हर बनवणारं सॉफ्टवेअर) आणि वर्डप्रेस दोन्ही फुकट बसवता येतात. ‘स्वयम’ पोर्टलवर डेटाबेसचे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात, पैसे लागतात ते परीक्षा द्यायची असेल तर. सुट्टीत मुलाला स्वतःची साइट उभारू द्या, तिचा ॲडमिन मुद्दाम बंद पाडून परत मिळवू द्या. त्यात त्याचं मन रमलं, तर फीचं बघा.