पहाटेचा खोकला आणि लाल कणांच्या पेशी

समजा, तुम्ही डॉक्टर आहात आणि तुमचा दवाखाना गोंदिया तालुक्यातील कामठा या गावी आहे. भोवताली धानाच्या बांध्या, तलाव आणि बोड्या. पावसाळ्यात जिकडे पाहावे तिकडे पाणीच पाणी. एके दिवशी सकाळी सव्वीस-सत्तावीस वर्षांचा एक तरुण सायकलवरून येतो आणि तुमच्यापुढे बसतो. हा रोगी आम्ही कल्पनेने उभा केला आहे; परंतु त्याची लक्षणे काल्पनिक नाहीत. अशी माणसे या भागातल्या दवाखान्यांत खरोखर येतात. त्याला दोन महिन्यांपासून खोकला आहे, अंगात बारीक ताप असतो आणि वजनही थोडे घटले आहे.

"भाऊ, खोकला केव्हा जास्त येतो?" तुम्ही विचारता.

"रातीच येते जी, डाक्टरसाहेब. दोन-तीन वाजले का झोप मोडते. मंग छातीत सुईसुई वाजते. दिवसा तेवढं नाही वाटत."

आता सांगा, तुमचा पहिला संशय कोणावर जाईल?

खोकला, ताप आणि वजनात घट म्हटल्यावर आपल्या देशात कोणत्याही डॉक्टरच्या मनात आधी क्षयरोग येतो आणि तो यायलाच हवा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची, हा नियमच आहे. तुम्ही थुंकी तपासता. तीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत. मग छातीचे क्ष-किरण चित्र काढता. त्यात दोन्ही फुप्फुसांवर, विशेषतः मधल्या व खालच्या भागात, बारीक बारीक ठिपके विखुरलेले दिसतात. जणू काळ्या कापडावर कुणी मूठभर कुटकी उधळली आहे.

येथेच पहिली अडचण उभी राहते. क्षयाचा एक प्रकार असा आहे की त्यात जंतू रक्तावाटे सर्वत्र पसरतात आणि फुप्फुसात नेमके असेच ठिपके उमटतात. वैद्यकशास्त्रात त्याला नावही बारीक दाण्याच्या धान्यावरूनच पडले आहे. शिवाय या प्रकारात थुंकीत जंतू पुष्कळदा सापडत नाहीत. म्हणजे थुंकी निर्दोष निघाली म्हणून क्षय नाही, असे म्हणण्याची सोय नाही. पण या प्रकारचा क्षयरोगी बहुधा चांगलाच आजारी असतो, त्याचा ताप जोराचा असतो. आपला रोगी तर सायकल चालवीत आला आहे!

दुसरा संशय दम्यावर. रात्री उठणारा खोकला आणि छातीतली शिटी ही दम्याची ओळखीची खूण. परंतु नुसत्या दम्यात क्ष-किरण चित्रावर असे ठिपके सहसा दिसत नाहीत. या तरुणाला लहानपणी कधी दमा नव्हता, घरातही कुणाला नाही.

तिसरा संशय धुळीवर. गोंदिया हे धान गिरण्यांचे गाव. "काम काय करता?" असे तुम्ही विचारलेच पाहिजे. गिरणीत कोंड्याच्या धुळीत राबणाऱ्याला खोकला होऊ शकतो. पण तो कामाच्या दिवशी वाढतो आणि सुट्टीला कमी होतो. याला बुरशी लागलेल्या तणसाचाही त्रास असू शकेल. ओल्या तणसाच्या ढिगात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचे बीजकण श्वासावाटे आत गेले की काही शेतकऱ्यांच्या फुप्फुसांना सूज येते, आणि गंमत अशी की हा त्रास लगेच होत नाही, चार ते आठ तासांनी होतो. दुपारी तणस उपसले तर खोकला रात्री! तेव्हा "रात्रीचा खोकला" एवढ्या एका धाग्यावर निकाल देता येत नाही, हे ध्यानात आले ना? सुदैवाने आपल्या रोग्याने गेल्या दोन महिन्यांत ना गिरणीचे तोंड पाहिले, ना तणसाला हात लावला.

आता काय करावे? महागडे यंत्र मागवण्याआधी बोटातून रक्ताचा एक थेंब घ्या. काचपट्टीवर तो पातळ पसरा, वाळू द्या, लिशमन रंगाने रंगवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. हजारो तांबड्या पेशींच्या गर्दीत मधूनमधून मोठ्या पांढऱ्या पेशी दिसतील. त्यांपैकी शंभर पेशी ओळीने मोजायच्या आणि कोणत्या जातीच्या किती हे लिहून ठेवायचे. निरोगी माणसात या शंभरांत एक विशिष्ट पेशी एक ते सहाच्या आसपास असते. तिचे केंद्रक बहुधा दोन भागांचे असते, चष्म्याच्या दोन काचांसारखे, आणि तिच्या अंगात नारिंगी-लाल कण ठासून भरलेले असतात. इओसिन नावाचा लाल रंग हे कण चटकन शोषून घेतात, म्हणून या पेशीला इओसिनोफिल म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख याने १८७९ मध्ये तिचे वर्णन केले. इओस म्हणजे ग्रीकांची उषा. पहाटे खोकणाऱ्या रोग्याचे निदान उषेच्या नावाच्या पेशीने व्हावे, हा योगायोगच म्हणायचा.

आपल्या रोग्याच्या काचपट्टीवर शंभरांत साठ पेशी लाल कणांच्या निघतात! त्याच्या एक घन मिलिमीटर रक्तात एकूण पांढऱ्या पेशी २०,००० आहेत. मग इओसिनोफिल किती? २०,००० चे साठ टक्के, म्हणजे १२,०००. निरोगी माणसाचे गणितही करून पाहा: पेशी ८,००० आणि प्रमाण तीन टक्के धरले तर उत्तर २४० येते. पन्नास पट फरक! ज्या रोगाकडे आपण चाललो आहोत त्यात हा आकडा साधारणपणे ३,००० च्या वर असतो. क्षयात किंवा तणसाच्या आजारात असे होत नाही. दम्यात इओसिनोफिल वाढतात, पण एवढे क्वचितच.

या कोड्याने चांगले चांगले डॉक्टर चकले आहेत. मदनपल्लीजवळच्या क्षयरोग आरोग्यधामात क्षयाचे रोगी म्हणून काही माणसे येत. छातीच्या चित्रात ठिपके, पण थुंकीत जंतू नाहीत. आणि रक्तात मात्र इओसिनोफिलांचा पूर. फ्रिमोट-म्योलर आणि बार्टन या डॉक्टरांनी १९४० मध्ये हा क्षयासारखा भासणारा पण क्षय नसलेला विकार म्हणून जाहीर केला. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी ८१ रोग्यांची हकिगत प्रसिद्ध करून त्याला 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया' हे नाव दिले. औषधाचा शोध अपघाताने लागला. यांतल्या एकाला दुसऱ्याच रोगासाठी सोमलयुक्त औषध टोचले गेले आणि त्याचा खोकला थांबला! रोग कशाने होतो हे ठाऊक नसताना औषध हाती आले होते.

कारण कळायला आणखी बरीच वर्षे लागली, आणि ते सापडले आपल्या धानपट्ट्याला फार परिचित असलेल्या ठिकाणी. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर हा हत्तीरोगाचा जुना प्रदेश. रात्री घरोघर फिरून बोटाचे रक्त घेणारे आरोग्य कर्मचारी तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. रात्रीच का? हत्तीरोगाचे धाग्यासारखे कृमी माणसाच्या लसीकावाहिन्यांत राहतात. मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब असते. तिची असंख्य सूक्ष्म पिले रक्तात उतरतात. त्यांची लांबी पाव मिलिमीटरच्या थोडी वर आणि जाडी तांबड्या पेशीच्या व्यासाएवढी. घाण पाण्यात वाढणारा क्यूलेक्स डास रात्री चावतो, म्हणून ही पिलेही रात्री दहा ते दोनच्या सुमारास त्वचेजवळच्या रक्तात गर्दी करतात आणि डासाबरोबर पुढच्या माणसाकडे जातात. दिवसा ती कोठे असतात? मुख्यतः फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत!

आता धागे जुळू लागले. मग आपल्या रोग्याचे रक्त रात्री बारा वाजता घेतले तर पिले दिसतील, असे तुम्ही म्हणाल. घ्या रक्त. एकही पिलू दिसत नाही. निराश होऊ नका. हीच या रोगाची खोड आहे. कृमी शिरलेल्या बहुतेकांचे शरीर त्या पिलांना निमूटपणे फिरू देते. पण शंभरांत एकापेक्षाही कमी लोकांत शरीर त्यांच्यावर असे काही तुटून पडते की पिले फुप्फुसात पोचताच तेथल्या तेथे मारली जातात. रक्तात ती उरतच नाहीत. वेल्लोरच्या वेब, जॉब आणि गॉल्ट यांनी १९६० मध्ये अशा रोग्यांच्या फुप्फुसांचे लहान तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा इओसिनोफिलांच्या गराड्यात सापडलेली पिले दिसली. क्ष-किरण चित्रावरचे ठिपके म्हणजे या लढाईची मैदाने. पुढे मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्रातील डॉक्टरांनी रोग्यांच्या फुप्फुसात मिठाचे पाणी सोडून ते परत काढून घेतले, तर त्यातल्या पेशींपैकी निम्म्याच्या आसपास इओसिनोफिल होत्या. निरोगी फुप्फुसात त्या शंभरांत एखादी.

कृमी दिसत नाही, तर त्याचा माग कसा काढायचा? शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रतिद्रव्ये रक्तात शोधून. अशा लपलेल्या हत्तीरोगाचा शोध रक्तचाचणीने घेण्याचे काम विदर्भातच, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे केले.

तरीही घाई नको. इओसिनोफिल वाढवणारे दुसरेही चोर आहेत. जंतांची पिले आतड्याकडे जाताना फुप्फुसातून प्रवास करतात आणि त्या काही दिवसांत असाच खोकला व असेच रक्त दिसू शकते. म्हणून शौचाची तपासणी आवश्यक. काही औषधांनीही ही पेशी वाढते, तेव्हा "आधी काय घेत होता?" हा प्रश्न विसरू नये. सगळ्यांत फसवे म्हणजे स्टेरॉइड. ते दिले की खोकला ओसरतो, पेशी झपाट्याने घटतात आणि रोगी खूष होतो. मूळ कृमी मात्र आत तसाच राहतो, आणि पुढच्या डॉक्टरच्या हाती पुसलेली पाटी येते.

हे सारे तपासून झाल्यावर तुम्ही डायएथिलकार्बामाझिनच्या गोळ्या लिहून देता. हत्तीरोगावरचे हे औषध १९४७ मध्ये अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेतून बाहेर पडले, आणि तेथील संशोधनाचे प्रमुख होते आपले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. गोळ्या तीन आठवडे घ्यायच्या. निदान बरोबर असेल तर काही दिवसांतच रात्रीची झोप परत येते. पण "गोळी दिली आणि बरा झाला" हा पुरावा एकटा पुरेसा समजू नये. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते कधी कधी. म्हणून रक्त पुन्हा तपासायचे. पहिल्या आठवडा-दहा दिवसांतच लाल कणांच्या पेशी भराभर उतरू लागल्या पाहिजेत. त्या उतरल्या नाहीत, किंवा ठिपके तसेच राहिले, तर क्षयाचा संशय पुन्हा बाहेर काढून सगळा हिशेब पहिल्यापासून मांडायचा.

आपला तरुण तीन आठवड्यांनी परत येतो. त्याच्या काचपट्टीवर या वेळी शंभरांत नऊ पेशी लाल कणांच्या आहेत. "आता झोप लागते का, भाऊ?" असे विचारताच तो हसून मान डोलावतो. पण त्याला सोडून देऊ नका. काही रोग्यांत हा विकार उलटतो आणि गोळ्या पुन्हा द्याव्या लागतात. काहींच्या फुप्फुसात बारीकशी सूज खोकला थांबल्यावरही रेंगाळते, आणि ती वर्षानुवर्षे राहिली तर फुप्फुस राठ होऊन श्वास कायमचा तोकडा पडतो. म्हणून त्याच्या कागदावर पुढच्या तपासणीची तारीख लिहा, आणि त्याच्या घरामागच्या नालीत डासांच्या अळ्या आहेत का, हेही जाऊन पाहा.