सावल्यांचा नायक

मुलांनो, दिव्यासमोर हात धरून भिंतीवर हरणाची किंवा पक्ष्याची सावली तुम्ही कधीतरी केली असेल. ग्रीस देशात सावल्यांचे असेच एक नाटक होते. त्याच्या नायकाचे नाव कारागिओझिस.

हे नाव मूळचे तुर्की. ‘कारा’ म्हणजे काळा आणि ‘गोझ’ म्हणजे डोळा. तुर्कांचा हा खेळ ग्रीक लोकांनी एकोणिसाव्या शतकात आपलासा केला.

पांढऱ्या पडद्यामागे दिवा लावतात. दिवा आणि पडदा यांच्यामध्ये बाहुल्या नाचवतात. एकच कलावंत सर्वांचे आवाज काढतो. पडद्याच्या एका बाजूला कारागिओझिसची मोडकी झोपडी असते, दुसऱ्या बाजूला पाशाचा महाल. या महालाला ‘सराय’ म्हणतात. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे ना? कारागिओझिस अनवाणी, कुबडा आणि नेहमी भुकेला. तो मार खातो, पण आपल्या हजरजबाबीपणाने सर्वांना हसवतो.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. त्यानंतर हजारो ग्रीक लोक कामाच्या शोधात ऑस्ट्रेलियाला गेले. पुष्कळजण मेलबर्न शहरात स्थायिक झाले. इकडे ग्रीसमध्ये १९६७ ते १९७४ या काळात लष्करी राजवट होती. तिने कलावंतांवर कडक बंधने घातली. त्या जाचातून सुटण्यासाठी दिमित्री कात्सूलिस हे कलावंत १९७४ साली ऑस्ट्रेलियाला आले. सावल्यांच्या खेळात ते निपुण होते. त्यांनी जुन्या खेळात नवे विषय आणले. परक्या देशात एकट्या पडलेल्या बायकामुलांचे दुःख त्यांनी पडद्यावर दाखवले.

पण त्यांना सरकारी मदत मिळाली नाही. ग्रीक प्रेक्षकही थोडेच होते. अखेर १९९१ साली ते ग्रीसला परत गेले. जाताना आपल्या सर्व बाहुल्या आणि सामान त्यांनी तेथील लोकांना देऊन टाकले. मेलबर्नच्या संग्रहालयाने ते जपून ठेवले.

मुलांनो, संग्रहालय बाहुली जपते. तिचे बोलणे मात्र ती भाषा जाणणाऱ्या माणसांनाच जपावे लागते. आज घरी दादीला किंवा नानीला एक जुनी गोष्ट विचारा. ती उर्दूत नीट ऐका आणि उद्या वर्गात मराठीत सांगा.

शब्दार्थ
अनवाणी – पायांत काही न घातलेला
स्थायिक होणे – कायमचे राहू लागणे
जाच – त्रास, छळ
निपुण – तरबेज

स्वाध्याय
१. कारागिओझिस कसा दिसतो?
२. कात्सूलिस ग्रीसला परत का गेले?