खुर्चीत बसूनही मान का धरते?

प्रश्न : टाळेबंदीत मोबाईलवर तास घ्यायला लागले, ते संध्याकाळच्या जादा तासांसाठी अजून चालू आहेत. शाळेत पाच-सहा तास उभी असते, तेव्हा फार तर पाय दुखतात. घरी खुर्चीत दोनच तास बसते, तरी मान आणि उजवा खांदा भरून येतो. बसून जास्त दुखतं, हे कसं?
— एक शिक्षिका, रहिमतपूर (ता. कोरेगाव, जि. सातारा)

उत्तर : बाई, तुमचा प्रश्न रास्त आहे. बसणं म्हणजे आराम, असं आपण धरूनच चालतो. पण शाळेत तुम्ही नुसत्या उभ्या नसता. फळ्यावर लिहिता, वळता, मागच्या बाकापर्यंत जाता, वाकून एखादी वही बघता. स्नायू आवळतात, सैल पडतात आणि त्या हालचालीनेच त्यांच्यातून रक्त खेळतं राहतं. मोबाईलसमोर मात्र चेहरा चौकटीबाहेर जाऊ नये म्हणून तुम्ही नकळत स्वतःला जखडून घेता. एकसारखा आवळलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो आणि थकतो. घेवडा काढणाऱ्या बायासुद्धा सरी संपली की कंबर सरळ करतात. ऑनलाइन तासाला ती सरी संपतच नाही.

आता मानेचं बघू. डोक्याचं वजन साधारण 5 किलो. भरलेली कळशी कडेवर असते तोवर पेलते, तीच हात लांब करून धरली तर खांदा निघून येतो. झुकलेल्या डोक्याचं तसंच होतं. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी 2014 साली संगणकावर हा हिशेब मांडला : मान 30 अंश झुकली तर कण्यावर सुमारे 18 किलो भार, 60 अंशांत 27 किलो. टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवलेला मोबाईल बघायला मान किती खाली जाते, ते घरच्या कुणाला बाजूने फोटो काढायला सांगून बघाच.

उजवाच खांदा का? बहुधा त्याच हाताने तुम्ही मोबाईल सावरता किंवा वही कॅमेऱ्यासमोर धरता. शिवाय मुलांना ऐकू जावं म्हणून आवाज चढवला की खांदेही वर चढतात. माईक असलेला साधा इअरफोन लावा, निम्मं ओरडणं वाचेल.

महागडी खुर्ची घ्यायला हवी, हा समज सोडून द्या. पितळी डब्यावर चार जाड पुस्तकं रचून मोबाईल डोळ्यांच्या रेषेत आणा. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट घ्या. लॅपटॉपची अडचण वेगळी आहे : त्याचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले, म्हणून पडदा उंच केला की हात अवघडतात. तिथे वेगळा कळफलक घेण्यावर पैसे खर्च करावेत, असं मला मनापासून वाटतं.

आणि दोन तास ताठ बसायचा निश्चयही करू नका. ताठपणासुद्धा फार वेळ धरला की तोच त्रास देतो. मुलांना गणित घालून दिलंत की उठा, खांदे फिरवा, खिडकीतून लांबचं झाड बघा. डोळ्यांनाही बरं वाटेल. मुलांनाही उभं करा, तीही तशीच वाकून बसलेली असतात.

मात्र हाताला मुंग्या येत असतील, बोटांतला जोर कमी वाटत असेल किंवा कळ दंडातून खाली उतरत असेल, तर मानेचा पट्टा आपल्या मनाने बांधू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.