परराष्ट्र सेवेतील पहिली नेमणूक : निवड कशी करावी?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांतून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा दोनच पदे असतात : जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक. ही पदे गावाने पाहिलेली असतात. परदेशातील भारतीय वकिलात मात्र कोणी पाहिलेली नसते. त्यामुळे त्याच परीक्षेतून मिळणारी भारतीय परराष्ट्र सेवा पसंतीक्रमाच्या अर्जात फारसा विचार न करता वर किंवा खाली लिहिली जाते. या एका आकड्यावर पुढील तीस-पस्तीस वर्षांचे आयुष्य अवलंबून असते. म्हणून या सेवेतील नेमणुका कशा होतात, हे विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी आधीच समजून घेणे अगत्याचे आहे.

सेवेची रचना

परराष्ट्र सेवा स्थापन करण्याचा निर्णय ९ ऑक्टोबर १९४६ रोजी झाला. निवड झालेल्या उमेदवारांना प्रथम मसुरी येथील अकादमीत पायाभूत प्रशिक्षण मिळते. त्यानंतर ते नवी दिल्लीतील परराष्ट्र सेवा संस्थेत दाखल होतात. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला २०२० मध्ये सुषमा स्वराज यांचे नाव देण्यात आले. प्रशिक्षणानंतर अधिकारी तृतीय सचिव म्हणून परदेशी जातो. पुढे द्वितीय सचिव, प्रथम सचिव, समुपदेशक अशा पायऱ्या चढत तो राजदूत होतो. राष्ट्रकुलातील देशांत याच पदाला उच्चायुक्त म्हणतात. साऱ्या सेवाकाळात परदेश आणि दिल्लीतील मंत्रालय अशी आलटून पालटून नेमणूक होत राहते.

भाषा हीच खरी निवड

पहिल्या नेमणुकीत अधिकारी शहर निवडतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्याला प्रथम भाषा निवडावी लागते. प्रत्येक अधिकाऱ्याला एक परकीय भाषा सक्तीने शिकावी लागते. अरबी, चिनी, जपानी, रशियन, फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन, फारसी या त्यांपैकी काही होत. अधिकाऱ्याची पसंती, गुणानुक्रम आणि मंत्रालयाची गरज पाहून भाषा ठरते, आणि ती भाषा जेथे शिकता येईल तेथे पहिली नेमणूक मिळते. भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच तो सेवेत कायम होतो.

ही भाषा पुढेही अधिकाऱ्याची पाठ सोडत नाही. श्री. विजय गोखले १९८१ मध्ये सेवेत आले. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली. हाँगकाँग व बीजिंग येथे त्यांनी काम केले. २०१६ मध्ये ते चीनमध्ये राजदूत झाले आणि २०१८ ते २०२० या काळात परराष्ट्र सचिवपदी होते. कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुल लाट या खेड्यातून आलेले श्री. ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये सेवेत दाखल झाले. जपानी भाषा शिकून त्यांनी टोकियो येथे काम केले. पुढे मालदीवमध्ये उच्चायुक्त आणि न्यूयॉर्क येथे महावाणिज्यदूत ही पदे त्यांनी भूषविली.

खानदेशातील विद्यार्थ्याने भाषेचे भय बाळगण्याचे कारण नाही. घरी अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि महाविद्यालयात इंग्रजी असा त्याचा क्रम असतो. चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांतील आदिवासी मुलांच्या बाबतीत पावरी किंवा भिली यांची त्यात भर पडते. चार भाषांतून वाढलेल्या मुलाला पाचवी भाषा अशक्य नाही.

सोयीचे ठाणे आणि कठीण ठाणे

हवामान, सुरक्षितता, रुग्णालये, शाळा यांचा विचार करून मंत्रालय परदेशातील ठाण्यांची प्रतवारी करते. कठीण ठाण्यानंतर सोयीचे ठाणे मिळावे, असा प्रयत्न असतो. त्यामुळे लंडन किंवा पॅरिस यांचेच स्वप्न पाहून या सेवेत येणारा निराश होण्याचा संभव असतो.

मोठ्या वकिलातीत अधिकारी पुष्कळ असतात आणि नव्या अधिकाऱ्याच्या वाट्याला कामाचा छोटा तुकडा येतो. लहान वकिलातीत तोच अधिकारी राजकीय अहवाल, व्यापार, पारपत्रे आणि अडचणीतील भारतीय मजुरांची विचारपूस असे सर्व काही पाहतो. औंधचे अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये पूर्व आफ्रिकेतील भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. तेव्हा केनिया ही ब्रिटिश वसाहत होती. आफ्रिकी जनतेच्या आकांक्षांविषयी त्यांनी दाखविलेली आस्था वसाहत सरकारला रुचली नाही. परंतु त्या आस्थेमुळे भारताला आफ्रिकेत स्नेही लाभले. ठाण्याचे मोल शहराच्या झगमगाटावर ठरत नाही, हेच या उदाहरणावरून दिसते.

खानदेशाच्या दृष्टीनेही याचा विचार करता येईल. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही केळी आखाती देशांत जातात. तेथील वकिलातीच्या वाणिज्य विभागात अरबी जाणणारा अधिकारी असेल, तर तेथील आयातदारांशी बोलणे आणि बाजाराचे नियम समजून घेणे सुकर होते. रावेर-सावद्याच्या बागाईतदारालाही त्याचा अप्रत्यक्ष लाभ होऊ शकतो.

घरच्यांशी विचारविनिमय

या सेवेची किंमत कुटुंबालाही मोजावी लागते. दर दोन-तीन वर्षांनी मुलांची शाळा बदलते. पती किंवा पत्नीला परदेशात नोकरी करता येईलच असे नाही. त्यासाठी त्या देशाची परवानगी लागते. गावी आईवडील आजारी पडले, तर तात्काळ पोहोचणे कठीण असते. एकुलत्या एका मुलाने किंवा मुलीने हे सर्व घरी मोकळेपणाने बोलूनच पसंतीक्रम भरावा. प्रतिष्ठेच्या मोहाने आधी होकार द्यावयाचा आणि मागाहून कष्टी व्हावयाचे, यात कोणाचेच हित नाही.

शिक्षक व पंचायतींचे कर्तव्य

मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीतून लिहिता येतात. मुलाखतही मराठीतून देता येते. इंग्रजीची एक अर्हताकारी प्रश्नपत्रिका मात्र उत्तीर्ण व्हावीच लागते. परराष्ट्र सेवेत रोजचे काम मुख्यतः इंग्रजीतून चालत असल्याने शिक्षकांनी माध्यमिक शाळेपासूनच त्या भाषेकडे लक्ष पुरवावे. पंचायतीच्या वाचनालयात नकाशासंग्रह, एक इंग्रजी दैनिक आणि जगाच्या इतिहासाची चार पुस्तके ठेवण्यास मोठा खर्च येत नाही.

विद्यार्थ्याने पसंतीक्रम भरण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : नवी भाषा वर्षानुवर्षे शिकण्याची तयारी आहे काय? गैरसोयीच्या ठाण्यावर मन लावून काम करता येईल काय? घरच्यांची मनापासून संमती आहे काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर ही सेवा निःशंकपणे वरच्या क्रमांकावर लिहावी. एखादे उत्तर नकारार्थी असेल, तर देशातील अन्य सेवांतही कर्तृत्वाला भरपूर वाव आहे.