खिशांचा पट
घरातील कागदपत्रे जपण्यासाठी यंत्रावरील भरतकामाचा एक धडा

वाचकहो, घरातील मोलाची वस्तू कोणती, असे विचारले असता कोणी दागिना सांगेल, कोणी होडी व जाळी सांगेल. परंतु संकट आले म्हणजे प्रथम शोध सुरू होतो तो कागदांचा. सात-बाराचा उतारा, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक, औषधाची चिठ्ठी. यांपैकी एक पेटीत, एक फळीवर, तर एक उशीखाली, अशी बहुतेक घरांतील स्थिती असते.

मालवण तालुक्यातील तोंडवली-तळाशीलचा किनारा पाहा. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास गड नदीची खाडी, आणि मध्ये वाळूची अरुंद पट्टी. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा या जिल्ह्यात घरांची छपरे उडाली, माड उन्मळले व विजेचे खांब कोसळले. अशा वेळी घर सोडावे लागले, तर पेट्या उघडून शोधाशोध करण्यास अवकाश कोठून मिळणार? आणि वादळानंतर मदत मागावयास जावे, तर ओळखीचा कागद व बँकेचे पुस्तक हीच प्रथम मागितली जातात. यास्तव खुंटीवरून एका हाताने काढून नेता येईल असा खिशांचा पट कसा करावा, हे या धड्यात सांगावयाचे आहे.

१. यंत्राविषयी. साध्या शिवणयंत्रात सुईखालील दाते कापड पुढे सरकवितात. भरतकामाच्या यंत्रात कापड चौकटीत ताणून बसवितात, आणि सुई एकाच जागी वरखाली होत असता ती चौकटच चोहोंकडे फिरते. यंत्रावर भरतकाम करण्याचा प्रयत्न जोशुआ हाइलमान याने १८२८ साली मुलहाउस येथे केला. पुढे १८६३ साली इझाक ग्रोब्ली या स्वित्झर्लंडच्या कारागिराने धोट्याचे भरतयंत्र काढले. आजच्या घरगुती यंत्रात नमुना संगणकाच्या साहाय्याने भरला जातो. मात्र त्याची चौकट पुष्कळदा १३ × १८ सें. मी. एवढीच असते. सात-बाराचा कागद २१ × २९.७ सें. मी. असतो, तेव्हा एवढा खिसा चौकटीत तयार होणार नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे. यंत्राकडून केवळ नाव व चित्र भरून घ्यावे. बाकीचे काम पायाच्या साध्या यंत्रावर उत्तम होते, आणि त्यास विजेचीही गरज नाही.

२. कापड. जाड मांजरपाट घ्यावे व प्रथम धुऊन वाळवावे, म्हणजे मागाहून आटणार नाही. पाठीसाठी ५४ × ८३ सें. मी. कापड कापावे. दोन्ही बाजू व खालचा काठ दोन-दोन सें. मी. दुमडून शिवला, आणि वर काठीसाठी सहा सें. मी. दुमडून नळी केली, की ५० × ७५ सें. मी. चा पट होतो. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा. रेयॉनचा दोरा चकचकीत खरा, पण ओला झाला म्हणजे दुबळा पडतो.

३. खिसे. वरच्या ओळीत १४ सें. मी. उंचीचे चार खिसे कार्डे व पुस्तके यांसाठी. मधल्या ओळीत १८ सें. मी. उंचीचे तीन खिसे औषधे, चष्मा व विजेरी यांसाठी. ह्या वस्तू फुगीर असल्याने प्रत्येक खिशास चार सें. मी. कापड अधिक घेऊन दोन्ही बाजूंस एकेक चुणी घालावी. खालच्या ओळीत २४ सें. मी. उंचीचे दोन खिसे. एक ३४ सें. मी. रुंद, मोठ्या कागदांसाठी, व दुसरा १६ सें. मी. रुंद, किल्ल्यांसाठी. जड वस्तू खाली असल्या म्हणजे पट सरळ लोंबतो.

४. कामाचा क्रम. भरतकाम आधी, कापणे नंतर, व जोडणे शेवटी. कारण दाट टाके कापडास आत ओढतात. आधीच मापाने कापलेली पट्टी भरल्यावर आखूड पडते. आणि खिसा पाठीस जोडल्यावर भरावयास गेले, तर सुई दोन्ही कापडे शिवून खिशाचे तोंडच बंद करील. चौकटीत कापडाखाली बकरम अथवा फाडता येणारा आधारकागद घालावा. अक्षरे निदान एक सें. मी. उंच असावीत, व ती शिरोरेषेत किंचित शिरतील असा नमुना करावा. नाहीतर कापड ओढले जाऊन अक्षर व रेषा यांत फट पडते. ज्या वडीलधाऱ्यांस वाचता येत नाही त्यांच्यासाठी नावाबरोबर चष्मा, किल्ली, गोळ्या अशी लहान चित्रे भरावीत. खिसे जोडताना तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांवर टीप मागेपुढे तीनदा घालावी. सर्व भार तेथेच पडतो.

५. आच्छादन. पटाच्या वरच्या काठास तेवढेच एक कापड जोडून ते समोर सोडावे व खाली बंदांनी बांधावे. याने धूळ अडते, आणि पट हाती घेऊन धावताना वस्तू बाहेर पडत नाहीत. परंतु कापड पाणी अडवीत नाही. म्हणून कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच खिशात ठेवावेत. पट जांभ्याच्या ओल्या भिंतीस टेकवू नये. दोन लांब खुंट्यांवर, भिंतीपासून अंतर राखून, बाहेरच्या दाराजवळ व लहानमोठ्या सर्वांचा हात पोहोचेल असा टांगावा.

६. यंत्राची निगा. समुद्राच्या वाऱ्यातील मीठ ओलावा धरून ठेवते व सुई गंजते. काम संपताच सुई काढून तेलाच्या फडक्यात ठेवावी व यंत्र झाकावे. गंजकी सुई दोरा तोडते व कापड फाडते.

असे यंत्र प्रत्येक घरी असणे शक्य नाही, व आवश्यकही नाही. बचत गटाकडे एक असले तरी वाडीतील सर्व पट होतील, आणि करणाऱ्या भगिनीस चार पैसे मिळतील. सुईवर संसार उभा राहतो, हे आपल्या महाराष्ट्राने पूर्वीच पाहिले आहे. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी निराधार स्त्रियांस शिवण, विणकाम व छापखान्याचे काम शिकविले. पुण्यास १९०९ साली निघालेल्या सेवासदनातही शिवणाचे वर्ग चालत.

पट झाल्यावर एक नियम घरात घालून द्यावा: वस्तू वापरली की तिच्याच खिशात परत. हा नियम पाळला नाही, तर सुंदर भरलेला पटही दुसरी अडगळच होय. पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात एकदा सर्व खिसे रिकामे करावेत, पट उन्हात घालावा, व जुनी औषधे टाकून द्यावीत.

अभ्यासासाठी प्रश्न: (१) भरतकाम कापण्याच्या आधी का करावे? (२) मोठ्या कागदाचा खिसा चौकटीत का होत नाही? (३) आपल्या घरी आज रात्री घर सोडावे लागले, तर कोणते पाच कागद हवेत, व ते या घटकेस कोठे आहेत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरातील सर्वांनी मिळून, कागद प्रत्यक्ष हाती घेऊन द्यावे.