तुला काय हवें ?

वाचावयाचा शास्त्रभाग : मार्क १०:४६-५२.

यरीहोच्या वाटेवर बर्तिमय मोठ्यानें ओरडूं लागला, तेव्हां लोकांनीं त्याला दटाविलें. प्रभूनें मात्र थांबून त्याला बोलाविलें आणि काय हवें तें विचारिलें. बर्तिमय आंधळा होता, बुद्धीनें उणा नव्हता. तथापि ज्या घरीं बौद्धिक अक्षमता असलेला प्रौढ भाऊ किंवा बहीण आहे, त्या घरास हा पाठ विशेष उपयोगी आहे.

अशा माणसाला कांहीं शिकवितां येत नाहीं, ही समजूत फार जुनी आहे. इ. स. १९४९ मध्यें पॉल फुलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें अठरा वर्षांच्या एका तरुणाची हकीकत प्रसिद्ध केली. तो अंथरुणास खिळलेला असे, व त्याला कांहींच शिकतां येणार नाहीं असें डॉक्टरांचें मत होतें. त्याचा उजवा हात हालला कीं लागलेंच साखर घातलेलें ऊन दूध तोंडांत घालावयाचें, एवढाच प्रयोग. थोड्याच बैठकींत तो हात वारंवार उचलूं लागला. दूध बंद केल्यावर तें उचलणें मंदावलें. मागून येणाऱ्या फळानें कृति बळावते, यास प्रबलन म्हणतात. (प्रयोगापूर्वीं त्याला उपाशीं ठेवीत, तें आपण करूं नये. अन्न, माया आणि मंडळींतील जागा हीं कोणाला मजुरी म्हणून द्यावयाचीं नाहींत.)

हा नियम आपल्या घरीं नकळत चालतो. समजा, तीस वर्षांचा मुलगा चहासाठीं थाळी आपटतो. आई चूल सोडून धांवते व चहा देते. तोच मुलगा दुपारीं निमूट शेंगा फोडीत बसला, तर कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. आपण आपटण्याची किंमत दिली, कामाची दिली नाहीं. मग एके दिवशीं बाप म्हणतो, आतां आपटलास तर चहा नाहीं. त्यानें आपटणें कमी न होतां प्रथम बहुधा वाढतें, आणि तिसऱ्या दिवशीं शेजाऱ्यांच्या लाजेनें आई चहा देते. तो काय शिकला ? अधिक वेळ आपटावें लागतें, हें ! अधूनमधून मिळणाऱ्या फळानें पडलेली खोड फार चिवट असते. हिला भूतबाधा समजून भगताकडे, किंवा हट्ट समजून काठीकडे वळणारीं ख्रिस्ती घरें अजून आहेत, हें लिहितांना वाईट वाटतें.

नुसतें बंद करून भागत नाहीं. मागण्याची दुसरी रीत द्यावी लागते. कार व ड्युरँड यांनीं १९८५ सालीं मुलांविषयीं हें दाखविलें, व पुढें तीच रीत प्रौढांसहि लागू पडली. त्याला पेला पुढें करावयास शिकवा, आणि पेला पुढें येतांच चहा द्या. उशीर झाला तर कशाबद्दल मिळालें हें त्याला उमगत नाहीं. फळ कोणतें, हेंहि आपण ठरवूं नये. कोणास चहा आवडतो, कोणास गाणें, कोणास गुरांमागें हिंडणें. बोलतां येत नसेल, तर दोन वस्तु पुढें ठेवून तो कोणती उचलतो तें पाहावें. तो मोठा माणूस आहे. तान्ह्यासारखें चुचकारणें त्यालाहि आवडत नसेल.

आपटणें एकाएकीं सुरू झालें असेल, तर आधीं डॉक्टरांस दाखवावें. दांत किंवा कान दुखत असला तरी त्याला तें सांगतां येत नाहीं.

उपदेशकांनीं अशा घरीं भेटीस जातांना प्रार्थनेनंतर घरच्यांस एवढेंच सांगावें, कीं आठवडाभर दोन गोष्टी पाहून ठेवा : आपटण्यापूर्वीं काय घडलें, व नंतर त्याला काय मिळालें. लिहितां येत नसेल, तर प्रत्येक वेळीं भिंतीवर खडूची एक रेघ ओढावी, आणि पुढच्या भेटींत त्या रेघांपाशीं बसून बोलावें.