साथीचे रोग : शासनाचे कर्तव्य आणि जनतेची जबाबदारी

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत साथीच्या रोगांना फारशी जागा मिळत नाही. लढाया, तह, राजवटी आणि चळवळी यांची सनावळी विद्यार्थी पाठ करतात. परंतु एखाद्या साथीने किती घरे ओस पाडली आणि त्या वेळी राज्यकर्ते व प्रजा एकमेकांशी कसे वागले, हा प्रश्न त्यांना सहसा विचारला जात नाही. वास्तविक, शासन आणि समाज यांचे नाते पारखून पाहण्यासाठी साथीसारखी दुसरी कसोटी नाही. कोविडच्या काळात आपण सर्वांनी दोन वाक्ये वारंवार ऐकली. एक, ‘सरकारने काहीच केले नाही’ आणि दुसरे, ‘लोकच ऐकत नाहीत’. ही दोन्ही वाक्ये अपुरी आहेत, असे आमचे मत आहे. जबाबदारी दोघांचीही असते. मात्र ती सारखी नसते, आणि कोणाची आधी व कोणाची नंतर, हेही ठरलेले असते. हेच या लेखात काही ऐतिहासिक दाखल्यांच्या आधारे तपासून पाहू.

विनयपिटकातील एक प्रसंग

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग येतो. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि त्याच्याकडे कोणीही लक्ष देत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्या भिक्खूला स्वच्छ केले आणि उचलून मंचकावर ठेवले. नंतर संघाला एकत्र करून त्यांनी समजावले, की येथे तुमची शुश्रूषा करण्यास आईवडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार?

हा प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. त्याच ठिकाणी पुढे येणारा भाग मात्र तितकासा वाचला जात नाही. तेथे शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण आणि रुग्णाचे पाच गुण सांगितले आहेत. शुश्रूषा करणाऱ्याला औषधाची व्यवस्था करता आली पाहिजे; हितकर काय व अहितकर काय याची जाण असली पाहिजे; लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीभावाने त्याने सेवा केली पाहिजे; मलमूत्राची किळस बाळगता कामा नये; आणि रुग्णाला धीर देता आला पाहिजे. रुग्णाने हितकर तेच करावे, त्यातही प्रमाण ओळखावे, औषध घ्यावे, आपला आजार शुश्रूषा करणाऱ्याला जसा आहे तसा सांगावा, आणि वेदना सहन करावी.

दोन्ही बाजूंची कर्तव्ये अशी शेजारी शेजारी मांडणारे हे प्राचीन वचन साथीच्या काळात शासन आणि जनता यांनाही लागू पडते. पुढील विवेचनात हीच मोजपट्टी आम्ही वापरली आहे.

१८९७ : एकाच शहरातील दोन मार्ग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. साथ वेगाने पसरली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. रुग्णांना बळजबरीने रुग्णालयात नेले जाऊ लागले, तेव्हा तेथे गेलेला माणूस परत येत नाही अशी अफवा पसरली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश सरकारने साथरोग कायदा केला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला वाटेल ते उपाय योजण्याचा अधिकार दिला, आज्ञा मोडणाऱ्याला शिक्षा ठेवली आणि अधिकाऱ्यांना कायदेशीर संरक्षण दिले. लोकांना काय मिळेल, याविषयी त्यात एकही कलम नव्हते.

याच कायद्याच्या बळावर पुण्यात रँडच्या नेतृत्वाखालील प्लेग समितीने मार्च १८९७ मध्ये सैनिकांकरवी घरांची झडती सुरू केली. संशयित रुग्णांना छावण्यांत हलविण्यात आले, घरातील सामान जाळण्यात आले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्यामानाने कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी, की एवढ्या सक्तीनंतरही त्याच वर्षाच्या उत्तरार्धात प्लेग पुण्यात परतला आणि दुसरी लाट पहिलीपेक्षा भीषण ठरली. प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले. म्हणजे झडत्या चालू होत्या तेव्हा रोग नेमका कोठून येतो, याचे ज्ञान शासनाजवळही नव्हते. ज्ञान अपुरे असताना अधिकार मात्र अमर्याद होता. शिवाय भयापोटी लोक आजारी माणसाला लपवू लागले. रुग्णाने आपला आजार खरा सांगावा हा गुण अशा वातावरणात टिकत नाही; भीती माणसाला खोटे बोलावयास शिकविते.

त्याच वेळी पुण्याच्या बाहेर, हडपसरजवळ, सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनी त्या दवाखान्यात आणले. या सेवेतच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या मुलाला शिवणेही समाज पाप मानत होता, त्याला त्यांनी पाठीवर घेतले होते. किळस न बाळगणे या गुणाचा याहून मोठा दाखला आम्हांस ठाऊक नाही.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सावित्रीबाईंच्या त्यागाचे गुणगान करताना शासनाचे कर्तव्य विसरले जाता कामा नये. एक दवाखाना आणि एक महान स्त्री मिळून संपूर्ण पुणे वाचवू शकत नव्हती. लोकसेवा ही शासनाच्या कामाला जोड असते. तिचा उपयोग शासनाची उणीव झाकण्यासाठी झाला, तर त्यात सेवा करणाऱ्याचाच बळी जातो.

१९१८ : रोग जात पाहत नाही काय?

‘विषाणू जात, धर्म, गरीब, श्रीमंत पाहत नाही’ असे वाक्य कोविडच्या काळात भाषणांतून ऐकू आले. विषाणू पाहत नसेल. पण समाजरचना पाहते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मुंबई शहराच्या त्या वेळच्या नोंदींनुसार खालच्या मानलेल्या जातींतील हिंदूंचा मृत्युदर हजारी ६१.६ होता, इतर हिंदूंचा हजारी १८.९, तर युरोपियनांचा हजारी ८.३. रोग एकच, शहरही एकच. मृत्यूत मात्र सातपटींहून अधिक अंतर. एका खोलीत दाटीवाटीने राहणारा, अर्धपोटी, स्वच्छ पाण्यापासून वंचित आणि आजारातही कामावर जाण्यास भाग पडणारा माणूस केवळ दुर्दैवाने मेला, असे म्हणता येणार नाही.

या आकड्यांनंतर नऊ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तो समतेचा संग्राम होता, यात शंका नाही. परंतु सार्वजनिक पाण्यावरील हक्क हा आरोग्याचाही हक्क आहे, हे १९१८ च्या नोंदी वाचल्यावर अधिक स्पष्ट होते. हात धुवा, असा उपदेश करण्यापूर्वी पाणी द्यावे लागते.

प्रजेपासून नागरिकापर्यंत

१८९७ मध्ये लोक प्रजा होते. २६ जानेवारी १९५० पासून ते नागरिक झाले. संविधानाच्या अनुच्छेद ४७ नुसार पोषणमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. अनुच्छेद २१ जीविताचे संरक्षण करतो. सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि रुग्णालये हे विषय राज्यांकडे आहेत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू न देणे हा विषय समवर्ती सूचीत आहे. जनहितासाठी संचारावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही अनुच्छेद १९ मध्ये आहे. ‘वाजवी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रँडला तो बांधील नव्हता. आजच्या शासनाला तो बांधील आहे.

दुसरी बाजूही संविधान सांगते. वैज्ञानिक दृष्टिकोन आणि मानवतावाद विकसित करणे हे अनुच्छेद ५१-क नुसार नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते, की स्वातंत्र्य मिळाल्यामुळे काही बिघडले तर ब्रिटिशांना दोष देण्याची सबब आता उरलेली नाही. हा इशारा राज्यकर्त्यांना होता, तसाच आपल्यालाही होता.

२०२० : जुना कायदा, नवी परीक्षा

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले कोविड रुग्ण पुण्यात आढळले आणि काही दिवसांतच राज्यात १८९७ चा तोच साथरोग कायदा लागू झाला. २४ मार्चच्या रात्री ८ वाजता देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून तिचा अंमल सुरू झाला. ज्याच्या घरात महिन्याचे धान्य होते, त्याला चार तास पुरले. जो रोजच्या मजुरीवर रोजचे पीठ आणत होता, त्याच्यासाठी ते चार तास नव्हतेच. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड परिसरात रेल्वेरुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून ठार झाले. जालन्याच्या कारखान्यात काम करणारे हे मजूर मध्य प्रदेशातील आपल्या गावी जाण्यासाठी भुसावळच्या दिशेने पायी निघाले होते. त्यांना ‘नियम मोडणारे’ म्हणावे काय? घरात राहा, ही आज्ञा पाळण्यासाठी आधी घर आणि त्या घरात अन्न असावे लागते. साधन न देता आज्ञा देणे म्हणजे औषध न देता पथ्य सांगणे होय.

याच्या उलट उदाहरण धारावीचे. सुमारे अडीच चौरस किलोमीटरांत लाखो लोक, आणि शौचालये बहुतांशी सार्वजनिक. १ एप्रिल २०२० रोजी तेथे पहिला रुग्ण सापडला, तेव्हा अनेकांनी आशा सोडली होती. महापालिकेने घरोघर तपासणी केली, वस्तीतील खासगी डॉक्टरांना सोबत घेतले, विलगीकरणासाठी शाळा व सभागृहे ताब्यात घेऊन तेथे जेवणाची सोय केली, शौचालयांच्या स्वच्छतेवर भर दिला. वस्तीतील लोकांनी दारे उघडली, ताप लपविला नाही. १० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख जगापुढे उदाहरण म्हणून केला. दार ठोठावणारा शिपाई असला तर लोक रुग्ण लपवितात. ओळखीचा डॉक्टर असला तर दार उघडते. १८९७ आणि २०२० मधील हा फरक प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा.

आपल्या समाजानेही या काळात एक जबाबदारी पार पाडली. १४ एप्रिल २०२० ची जयंती आपण घराघरांत साजरी केली. त्याच वर्षी धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जमणारा जनसागर घरीच थांबला. ज्या दिवसांची आपण वर्षभर वाट पाहतो, ते दिवस आपण कोणत्याही दंडुक्याशिवाय, केवळ विवेकाने घरी घालविले. हे स्वयंशासन होते, आणि त्याची नोंद इतिहासात राहिली पाहिजे.

‘सामाजिक अंतर’ या शब्दाबद्दलही बोलले पाहिजे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सामाजिक अंतर भोगले, त्यांना हा शब्द बोचला तर नवल नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्ये ‘शारीरिक अंतर’ हा शब्द स्वीकारला. अंतर शरीरांत ठेवावयाचे असते, माणुसकीत नव्हे. रुग्णाच्या कुटुंबाला वाळीत टाकणे, परिचारिकेला भाड्याची खोली खाली करण्यास सांगणे, सफाई कामगाराला हातमोज्यांविना कामाला लावणे, हे अस्पृश्यतेचेच नवे अवतार आहेत.

लसीसंबंधीही इतिहास बोलतो. १० जानेवारी १८९७ रोजी डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, मग लोकांना दिली. विश्वास असा कमवावा लागतो. २ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की कोणाला लस घेण्याची सक्ती करता येत नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालता येतात. स्वतःचे शरीर स्वतःचे आहे. परंतु आपला श्वास शेजाऱ्याच्या घरात जातो, एवढे भान नागरिकाला असावे.

आपल्या शाळेपुरता अर्थ

निवासी शाळा ही एका वस्तीसारखीच असते. एका खोलीत अनेक मुले झोपतात, एका नळावर हात धुतात, एका पंगतीत जेवतात. येथेही दोन्ही बाजूंची कर्तव्ये आहेत. स्वच्छ पाणी, हवेशीर खोल्या, आजारी मुलासाठी वेगळी खोली, लसीकरणाची नोंदवही आणि वेळेवर डॉक्टर हे संस्थेचे कर्तव्य. सुटीवरून परतताना मुलाला ताप, पुरळ अथवा बरेच दिवसांचा खोकला असल्यास तो न लपविता सांगणे, हे पालकांचे. मुलाने आजार सांगितला म्हणून त्याला कोणी चिडवणार नाही, परीक्षेला मुकल्याबद्दल शिक्षा होणार नाही, हा विश्वास देणे आम्हा शिक्षकांचे. आणि तुमच्यातील जे माजी विद्यार्थी आज डॉक्टर, परिचारिका, ग्रामसेवक, पोलीस किंवा नगरसेवक आहेत, ते एकाच वेळी शासनही आहेत आणि समाजही. दार ठोठावताना आपण कोणाच्या वतीने व कोणत्या भावनेने उभे आहोत, हे त्यांनी विसरू नये.

पुढील साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. परंतु तिची तयारी साथ नसतानाच करावी लागते. म्हणून पालकांनी आणि मुलांनी एकत्र बसून पुढील प्रश्नांची उत्तरे शोधावीत, अशी आमची विनंती आहे.

१. आपल्या गावाचे प्राथमिक आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे? तेथे डॉक्टर रोज असतात काय? नसतील, तर हा प्रश्न ग्रामसभेत शेवटचा कोणी व केव्हा विचारला?

२. आजी-आजोबांना किंवा पणजोबांना आठवणारी अथवा त्यांनी ऐकलेली साथ कोणती? त्या वेळी गावाबाहेर कोणाला राहावे लागले आणि मृतदेह कोणी उचलले?

३. कोविडच्या काळात आपल्या वस्तीत कोण उपाशी राहिले होते? त्यांना अन्न कोणी पोहोचविले? पुन्हा वेळ आली तर हे काम आधी कोण करील?

या उत्तरांची वही करून मुलांनी ती शाळेच्या ग्रंथालयात जमा करावी. जो इतिहास पाठ्यपुस्तकात नाही, तो अशाच वह्यांतून लिहिला जाईल.